कुत्र्याच्या त्वचेच्या ॲलर्जीचे कारण कसे शोधावे

कुत्र्याला कशाची ॲलर्जी आहे हे एका रक्ततपासणीत कळेल, अशी अपेक्षा मनात धरून बहुतेक जण पशुवैद्याकडे जातात. अशी तपासणी अस्तित्वात नाही. कारण शोधायचे ते एकेक शक्यता क्रमाने वगळत जाऊन: आधी पिसवा व इतर परजीवी, मग त्वचेवरचा जिवाणूंचा आणि यीस्टचा संसर्ग, त्यानंतर अन्न, आणि हे सगळे बाजूला काढल्यावरही खाज उरली तर धूळ, परागकण, बुरशी यांसारख्या परिसरातील घटकांची ॲलर्जी, जिला ॲटोपिक त्वचादाह किंवा थोडक्यात ॲटोपी म्हणतात. या क्रमामागे कारण आहे. परजीवी आणि संसर्ग लवकर ओळखता येतात व पूर्ण बरे करता येतात. अन्नाची परीक्षा दोन महिने खाते. आणि ॲटोपीचे निदान तर बाकी सर्व शक्यता संपल्याशिवाय करताच येत नाही. क्रम मोडून एकाच आठवड्यात अन्न बदलले, नवा शॅम्पू आणला आणि गोळ्याही सुरू केल्या, तर कुत्र्याला कदाचित बरे वाटेल, पण ते कशामुळे वाटले हे कधीच कळणार नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, हा नियम शेवटपर्यंत पाळावा.

आधी नोंदवही

पशुवैद्य कुत्र्याला अर्धा तास पाहतात, आपण त्याला दिवसरात्र पाहतो. त्यामुळे निदानाचा मोठा भाग आपल्याच नोंदींतून मिळतो. खाज पहिल्यांदा कोणत्या वयात सुरू झाली, ती वर्षभर असते की ठरावीक ऋतूत वाढते, प्रथम खाज आली की प्रथम पुरळ दिसले, शरीराच्या कोणत्या भागापासून सुरुवात झाली, आजवर कोणकोणते अन्न खाण्यात आले, कोणते औषध दिले असता फरक पडला आणि किती दिवस टिकला, घरातल्या दुसऱ्या प्राण्याला किंवा माणसांनाही खाज येते का, हे सगळे तारखांसह लिहून ठेवावे. अंगावरील चट्ट्यांची छायाचित्रे दर आठवड्याला त्याच जागेची, त्याच उजेडात घ्यावीत.

खाजेलाही मोजमाप लावता येते. पशुवैद्य यासाठी ० ते १० अशी पट्टी वापरतात. ० म्हणजे निरोगी कुत्रा अधूनमधून खाजवतो तेवढेच, आणि १० म्हणजे खाणे, खेळणे, झोपणे सोडून सतत खाजवत राहणे. मधल्या अंकांसाठी झोप ही चांगली खूण आहे: रात्री उठून खाजवत असेल तर अंक वरच्या बाजूचा द्यावा. हा अंक घरातील एकाच व्यक्तीने, आठवड्यातील ठरलेल्या दिवशी लिहावा, कारण दोन माणसांचे अंदाज सहसा जुळत नाहीत. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कुत्र्याची खाज म्हणजे केवळ पायाने खाजवणे नव्हे. पंजे चाटणे, दातांनी कातडी कुरतडणे, तोंड गालिच्यावर घासणे, वारंवार कान झटकणे, बसल्या बसल्या पार्श्वभाग जमिनीवर घासत पुढे सरकणे, ही सगळी खाजेचीच रूपे असू शकतात. पुष्कळ कुत्रे वर्षानुवर्षे पंजे चाटतात आणि घरचे लोक ती त्यांची सवय समजतात. फिकट केसांच्या कुत्र्याच्या बोटांमधले केस तांबूस तपकिरी झाले असतील, तर तो डाग लाळेतील पोर्फिरिन या रंगद्रव्यांचा असतो. म्हणजे आपण पाहत नसतानाही तो तिथे चाटत असतो.

अंगावरील जागा काय सांगतात

खाज कुठे आहे याचा एक नकाशाच काढावा. कंबरेवर, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला खाज एकवटली असेल, तर पहिला संशय पिसवांवर घ्यावा. कानाच्या पाळ्यांच्या कडा, कोपरे आणि मागच्या पायांचे घोटे यांवर खपल्या असून खाज असह्य असेल, तर खरजेचा विचार करावा. पंजे, काखा, जांघा, पोट, तोंडाभोवतीचा भाग आणि कानांची आतली बाजू लाल होत असेल, तर ॲटोपी किंवा अन्नाची ॲलर्जी संभवते. वारंवार होणारा कानाचा दाह हे तर काही कुत्र्यांत ॲलर्जीचे एकमेव लक्षण असते. मात्र या नकाशावरून अन्नाची ॲलर्जी आणि ॲटोपी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कितीही अनुभवी डोळा असला, तरी नुसत्या दिसण्यावरून त्या दोघींत फरक होत नाही.

वय आणि ऋतू यांचीही साक्ष घ्यावी. ॲटोपीची सुरुवात बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात होते. अन्नाची ॲलर्जी कोणत्याही वयात सुरू होऊ शकते. त्यामुळे वर्षाच्या आतल्या पिलाला किंवा उतारवयातील कुत्र्याला पहिल्यांदाच खाज सुटली, तर अन्नाचा संशय बळावतो. ठरावीक महिन्यांत येऊन जाणारी खाज परागकणांकडे किंवा पिसवांच्या हंगामाकडे बोट दाखवते. बारमाही खाज अन्नाची असू शकते किंवा घरातील धुळीत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवांची. खाजेबरोबर शौचाला दिवसातून तीनपेक्षा अधिक वेळा होणे, पातळ होणे, पोटात वायू धरणे किंवा उलट्या अशा तक्रारी असतील, तर त्याही नोंदवाव्यात, कारण त्या अन्नाच्या बाजूने झुकतात.

पिसवा: दिसत नाहीत म्हणून नाहीत असे नव्हे

पिसवांची ॲलर्जी ही खरे तर त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते. ज्या कुत्र्याला ती आहे, त्याला थोड्याच चाव्यांनीही कित्येक दिवस पुरेल एवढी खाज सुटते. शिवाय असा कुत्रा स्वतःला इतका चावतो आणि चाटतो की अंगावरच्या पिसवा तो स्वतःच संपवतो, आणि मग शोधूनही एक सापडत नाही. म्हणून पिसवेऐवजी तिची विष्ठा शोधावी. बारीक दातांच्या फणीने कंबरेवरचे केस विंचरावेत, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत आणि थोडा वेळ थांबावे. कणांभोवती लालसर तपकिरी रंग पसरला, तर ते पचलेले रक्त आहे; साध्या मातीचा तसा रंग उतरत नाही.

कण सापडले नाहीत तरीही ही शक्यता काट्यावर पारखूनच सोडावी. पशुवैद्याने सुचवलेले पिसवानाशक घरातील प्रत्येक कुत्र्याला व मांजराला, एकही मात्रा न चुकवता, निदान तीन महिने द्यावे. एवढा काळ लागतो, कारण घरातील पिसवांपैकी सुमारे ५ टक्केच प्रौढ होऊन प्राण्याच्या अंगावर असतात. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यांत, फरशीच्या फटींत दडलेल्या असतात आणि कोशातली पिसू महिनोन्‌महिने बाहेर न येता राहू शकते. अंथरूण गरम पाण्यात धुवावे, कोपरे व गालिचे व्हॅक्यूम क्लीनरने वारंवार साफ करावेत.

दोन सावधगिरीच्या सूचना येथेच द्यायला हव्यात. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकते. घरात मांजर असेल तर वेष्टनावरील घटक वाचल्याशिवाय असे औषध आणू नये. तसेच फ्लुरालानेर, अफॉक्सोलानेर, सारोलानेर आणि लोटिलानेर या आयसोक्साझोलिन गटातील औषधांमुळे काही प्राण्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला आहे. ही औषधे बहुतेक कुत्र्यांना चांगली मानवतात, परंतु कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर पशुवैद्याला ते आधी सांगावे.

खरूज आणि संसर्ग

सारकोप्टिस माइटमुळे होणारी खरूज ॲलर्जीसारखीच दिसते आणि कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी माइट पुष्कळदा सापडत नाहीत. कानाच्या पाळीची कड बोटांनी स्वतःवरच चोळली असता कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवू लागला, तर संशय वाढतो. घरातल्या माणसांच्या हातांवर, पोटावर खाजरे पुरळ उठले असेल, तर तो आणखी मोठा पुरावा समजावा. अशा वेळी नमुन्यात काही मिळाले नाही तरी पशुवैद्य खरजेचे औषध देऊन पाहतात, आणि तसे करणे योग्यच आहे. डेमोडेक्स हा दुसरा माइट केसांच्या मुळाशी राहतो. त्याने केस गळतात, पण संसर्ग झाल्याखेरीज फारशी खाज येत नाही. तो खोल खरवडलेल्या नमुन्यात सहसा सापडतो.

संसर्गाची गोष्ट थोडी निराळी आहे. तो बहुतेक वेळा मूळ कारण नसून ॲलर्जीने कमजोर झालेल्या त्वचेवर चढलेला दुसरा थर असतो, आणि तरीही निम्मीअधिक खाज त्याचीच असू शकते. पुटकुळ्या, खपल्या, गोलाकार सुटलेल्या पापुद्र्यांच्या कडा दिसत असतील, तर स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचा संशय घ्यावा. त्वचा तेलकट, काळपट, जाड झाली असून उग्र वास येत असेल, नखांच्या मुळाशी तपकिरी थर बसला असेल, तर मॅलॅसेझिया या यीस्टचा. निश्चिती मात्र डोळ्यांनी करू नये. चिकटपट्टी किंवा काचपट्टी त्वचेवर दाबून घेतलेला नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही काही मिनिटांची तपासणी आहे, आणि ती न करता महिनोन्‌महिने गोळ्या बदलत राहणे मला कुत्र्यावर अन्यायाचे वाटते. ज्या भेटीत खाज वाढलेली असेल त्या प्रत्येक भेटीत ही तपासणी आवर्जून मागावी. उपचारांत क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असलेल्या शॅम्पूचा मोठा वाटा असतो. तो लावल्यावर सुमारे दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा, नाहीतर उपयोग होत नाही. माणसांचा शॅम्पू वापरू नये. संसर्ग निघून गेल्यावर पुन्हा खाजेचा अंक लिहावा. तो ८ वरून ५ वर आला, तर उरलेले ५ हे मूळ ॲलर्जीचे आहेत, आणि खरा शोध आता सुरू होतो.

अन्नाची परीक्षा

अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करण्याचा विश्वासार्ह मार्ग एकच आहे: कुत्र्याने आजवर खाल्लेली सगळी प्रथिने बंद करून, त्याच्या शरीराला अनोळखी असे अन्न ठरावीक काळ द्यायचे आणि नंतर जुने अन्न पुन्हा सुरू करून पाहायचे. या परीक्षेत बहुतेक घरे नापास होतात, आणि ती कुत्र्यामुळे नव्हे तर माणसांमुळे होतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे.

ॲलर्जी बहुधा अन्नातील प्रथिनांची असते, आणि तीही नव्या अन्नाची नसून पुष्कळ दिवस खाल्लेल्या अन्नाची. "तो तर लहानपणापासून हेच खातो" हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. प्रकाशित नोंदींत कुत्र्यांना त्रास देणारे घटक म्हणून गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू सर्वाधिक वेळा आढळतात. धान्यविरहित अन्न आणले म्हणजे प्रश्न सुटला, अशी समजूत पसरलेली आहे. पण प्राणिज प्रथिने तशीच राहिली तर त्या बदलाचा उपयोग सहसा होत नाही.

पर्याय दोन आहेत. पहिला म्हणजे हायड्रोलाइझ्ड प्रथिनांचे अन्न, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना सहसा ओळखत नाही. दुसरा म्हणजे कुत्र्याने कधीही न खाल्लेले एकच प्राणिज प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ. दुसरा पर्याय निवडण्यापूर्वी आजवरच्या सर्व अन्नांच्या पाकिटांवरील घटक वाचून यादी करावी. नाव एका मांसाचे असले तरी घटकांत कोंबडी असणे नित्याचे आहे. दुकानात सहज मिळणाऱ्या "एकाच प्रथिनाच्या" अन्नांत वेष्टनावर न छापलेली प्रथिने आढळल्याचे अनेक तपासण्यांत दिसले आहे, म्हणून परीक्षेसाठी पशुवैद्यकीय उपचारांकरिता बनवलेले अन्नच घ्यावे. घरी शिजवलेले अन्न सर्वांत शुद्ध असते खरे, परंतु ते दीर्घकाळ समतोल ठेवणे अवघड जाते. वाढत्या पिलाला तर ते पशुआहार जाणणाऱ्या पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊच नये.

परीक्षा किमान आठ आठवड्यांची असावी. पाच आठवड्यांत अन्नाची ॲलर्जी असलेल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांची, तर आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक कुत्र्यांची लक्षणे ओसरतात, असे उपलब्ध अभ्यासांच्या आढाव्यात दिसून आले आहे. म्हणून तीन आठवड्यांनी "काही फरक नाही" म्हणून सोडून दिलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. या काळात ठरलेल्या अन्नाखेरीज पोटात काहीही जाता कामा नये. बिस्किटे आणि हाडे ही उघड उदाहरणे झाली. पण चवदार केलेल्या जंतांच्या व पिसवांच्या गोळ्या, जिलेटिनच्या कॅप्सूल, कुत्र्यांची टूथपेस्ट, चघळायची कातडी, मांजराच्या ताटलीतले उरलेले, लहान मुलाच्या हातून सांडलेले आणि फिरायला गेल्यावर रस्त्यावर उचललेले, हे सगळे त्यातच मोडते. चवदार औषधांना पर्याय पशुवैद्य सुचवतात. औषध स्वतःहून बंद करू नये. बक्षीस द्यायचे असेल तर त्याच अन्नाचे दाणे दिवसाच्या वाट्यातून बाजूला काढून ठेवावेत. परीक्षा सुरू करण्यापूर्वी घरातील प्रत्येकाला, विशेषतः कुत्र्यावर माया म्हणून गुपचूप घास देणाऱ्या वडीलधाऱ्यांना, समोर बसवून कारण समजावून सांगावे. चूक झालीच तर ती लपवू नये. तारीख व पदार्थ नोंदवहीत लिहावा, कारण त्यानंतर वाढलेली खाज हाही एक पुरावाच असतो.

आठ आठवड्यांनी खाज कमी झाली, की बहुतेक जण येथेच थांबतात. थांबू नये. सुधारणा ऋतू बदलल्यामुळे किंवा संसर्ग बरा झाल्यामुळेही झालेली असू शकते. जुने अन्न पुन्हा सुरू करावे आणि पाहावे: ॲलर्जी असेल तर काही तासांपासून दोन आठवड्यांपर्यंतच्या काळात खाज परतते. ती परतताच पुन्हा परीक्षेच्या अन्नावर यावे, अंक खाली आला की निदान पक्के झाले. कुत्र्याला मुद्दाम त्रास द्यायचा या कल्पनेने मन कचरते, हे मला ठाऊक आहे; पण हे पाऊल टाळले तर त्याला उगीचच आयुष्यभर बंधनातले अन्न खावे लागण्याचा धोका राहतो. निदान पक्के झाल्यावर एकेक घटक, प्रत्येकी दोन आठवडे, परीक्षेच्या अन्नात मिसळून देत गेले की नेमका कोणता घटक बाधतो ते कळते.

अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्त, लाळ किंवा केस पाठवून करायच्या तपासण्यांवर पैसे घालवू नयेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केस व लाळेच्या तपासणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम केस आणि साधे पाणीही पाठवले गेले, आणि त्यांचेही "ॲलर्जीचे" निकाल आले.

उरलेली शक्यता

परजीवी नाहीत, संसर्ग आटोक्यात आहे, अन्नाच्या परीक्षेने फरक पडला नाही आणि खाज तशीच आहे, तर ॲटोपीचे निदान करता येते. त्याला आधार म्हणून फाव्रो या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेले आठ निकष वापरतात: तीन वर्षांच्या आत सुरुवात, बहुतांश वेळ घरात राहणे, स्टेरॉईडने खाज कमी होणे, सुरुवातीला पुरळाशिवाय नुसती खाज असणे, पुढचे पंजे बाधित असणे, कानाच्या पाळ्या बाधित असणे, पाळ्यांच्या कडा मात्र बाधित नसणे आणि कंबरेचा भाग मोकळा असणे. यांपैकी पाच जुळले तर निदानाची शक्यता बरीच बळावते, पण आधीच्या पायऱ्या वगळून नुसते हे निकष मोजणे चुकीचे ठरेल.

आता कुठे त्वचेत टोचून करायची किंवा रक्तातील आयजीई या ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांची तपासणी उपयोगाची ठरते. ती ॲटोपी आहे की नाही हे ठरवत नाही, कारण निरोगी कुत्र्यांतही ती सकारात्मक येऊ शकते. शरीराला त्रासदायक घटकाची हळूहळू सवय लावणारी लस कोणत्या घटकांची बनवायची, हे ती ठरवते. घरातील धुळीतला डर्मॅटोफॅगॉइडिस फॅरिनी हा माइट त्यांत फार वेळा सापडतो. टोचून करायच्या तपासणीपूर्वी तोंडावाटे घेतलेले स्टेरॉईड साधारण दोन आठवडे आणि ॲलर्जीरोधक अँटिहिस्टामाइन आठवडाभर बंद असावे लागते. किती दिवस आणि कसे, हे पशुवैद्यानेच ठरवावे, कारण बरेच दिवस चाललेले स्टेरॉईड एकदम थांबवणे धोक्याचे असते. लसोपचाराचा परिणाम दिसायला वर्षभर लागू शकते. स्पर्शाने होणारी ॲलर्जी क्वचित आढळते. ती पोट, जांघ, बोटांच्या बेचक्या अशा विरळ केसांच्या भागांवर दिसते आणि नवे अंथरूण किंवा फरशी पुसायचे द्रव्य काही दिवस बदलून तिची पारख करता येते.

शोध चालू असताना कुत्र्याने तळमळत राहावे असे मुळीच नाही. ऑक्लासिटिनिब, लोकिव्हेटमॅब किंवा अल्पकाळ प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, या औषधांनी खाज आटोक्यात ठेवता येते. अन्नाच्या परीक्षेत मात्र असे औषध सुरुवातीच्या आठवड्यांपुरतेच द्यावे आणि शेवटचे दोन ते तीन आठवडे औषधाविना पाहावे, अन्यथा श्रेय अन्नाचे की औषधाचे ते समजत नाही. लोकिव्हेटमॅबच्या इंजेक्शनचा परिणाम महिनाभर किंवा अधिक टिकतो, हे गणितात धरावे. माणसांची औषधे देऊ नयेत: आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉल, सर्दीच्या मिश्र गोळ्या, झिंक असलेली मलमे आणि टी ट्री तेल यांनी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते.

चेहरा अचानक सुजला, अंगभर गांधी उठल्या आणि सोबत उलट्या, धाप किंवा गळून जाणे असेल, तर नोंदवही बाजूला ठेवून तत्काळ दवाखाना गाठावा. वयस्क कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदाच तीव्र खाज सुटली आणि परजीवी, संसर्ग व अन्न यांपैकी काहीच हाती लागले नाही, तर त्वचेचा तुकडा तपासून घ्यावा, कारण त्वचेतील लिम्फोमासारखा कर्करोगही ॲलर्जीचे रूप घेऊन येतो.

एकाच कुत्र्यात दोन किंवा तीन कारणे एकत्र असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे, आणि ती एकमेकांत मिळून खाज वाढवतात. धुळीची सौम्य ॲलर्जी असलेला कुत्रा एरवी शांत असतो, पण पिसवांची भर पडली की रात्रभर जागतो. म्हणून निदान झालेल्या आणि औषधावर स्थिर असलेल्या कुत्र्याची खाज मध्येच भडकली, तर औषधाची मात्रा वाढवण्यापूर्वी फणी आणि ओला कागद हातात घ्यावा, त्वचेचा नमुना तपासून घ्यावा आणि घरात कोणी काही वेगळे खायला घातले का, हे विचारून घ्यावे.